आमाची लाकडं

तांगजे
३ नोव्हेंबर

तोबदन,

तू खुशाल आहेस का, हे विचारत नाही. भांडून घराबाहेर पडलेला माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवतो. अन्न गोड लागत नाही ते मागे राहिलेल्यांना. हे पत्र बटाट्याच्या शेवटच्या ट्रकवाल्याकडे देते आहे. वर खिंडीत, जोतावर, परवा चांगलाच बर्फ पडला. तो म्हणतो, या वर्षी आता पुन्हा वर यायचं नाव काढणार नाही. मनालीत तू छेवांगच्या ढाब्यावर सापडशील असं त्याला सांगितलंय. तिथे नसलास तर कुठे असशील ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

भांडण कशावरून झालं हे लोक विचारतात तेव्हा सांगायची लाज वाटते. पोटुशी युडोन नवऱ्याला म्हणाली, "आठवड्यातून एक दिवस तरी पहाटे तू तंदूर पेटव, मला आता वाकवत नाही." एवढंच ना? आणि आमचे राजे म्हणाले, "माझ्या बापानं कधी तंदूर पेटवला नाही." खरंय, नाही पेटवला. पण आबा पहिल्या बर्फाच्या आधी सगळा हिवाळा फोडून, भिंतीला लावून, मोजून ठेवायचे. तू काय ठेवून गेलास? अंगणात म्हाताऱ्या वाळुंजाचे ओंडके. एकेक ओंडका माझ्या कमरेएवढा. आपल्या तंदूरचं तोंड केवढं, ते तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचास ना, खोली उबवणाऱ्या या लोखंडी डब्याचं तोंड चिमणीएवढं आणि पोट हत्तीएवढं?

तू गेल्यावर आमानं कामं वाटून दिली. छतावरचा बर्फ लोटायचा आणि तंदूरच्या धुराच्या नळीतली काजळी झाडायची, हे माझं. पाणी आणि गाय युडोनकडे. राख काढून कोठीत साठवायची आणि दिवसभर तंदूरला खायला घालायचं, हे आमाचं. आणि पहाटे उठून पेटवायचं काम पाळीनं. एक पहाट युडोनची, एक माझी, तिसरी आमाची. युडोन म्हणाली, "आमा, तुम्ही कशाला, मी उठते की." तर आमा म्हणाली, "माझ्या मुलाला जे जमलं नाही ते मला जमतं का बघू दे." ती हसत म्हणाली, पण तिच्याकडे बघवलं नाही.

बारीक फांद्या मी कोयत्यानं तोडते आहे. ओंडके माझ्यानं होणार नाहीत. गेल्या वर्षी छतावरून पडून माझा खांदा निखळला होता, तो तूच बसवला होतास. जोत बंद व्हायच्या आत चालत का होईना, ये. बायकोशी बोलू नकोस हवं तर. ओंडके फोड आणि फुगून कोपऱ्यात बस, आम्ही तुला थुक्पा वाढू.

तुझी थोरली बहीण, तुझी आचे,
छिमे


तांगजे
२८ डिसेंबर

तोबदन,

पायी आलेल्या टोळीबरोबर तुझा निरोप मिळाला. "संक्रांतीच्या आत हेलिकॉप्टरनं येतो, लाकडांना कुणी हात लावू नका, मी आल्यावर फोडीन." निरोप ऐकून आमानं त्या दिवशी चहात लोणी दुप्पट घातलं. संध्याकाळी तुझा लोकरी पट्टूचा कोट काढून तंदूरच्या नळीजवळ वाळत घालताना मी युडोनला पाहिलं. कोट कोरडाच होता.

समोरच्या म्हाताऱ्या मेमे रिगझिनची दोन्ही मुलं गेल्या आठवड्यात कुऱ्हाडी खांद्यावर टाकून आपल्या अंगणात आली होती. मेमे स्वतः डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कुल्लूला अडकलेत, पण जाताना मुलांना सांगून गेले होते म्हणे. थोरला म्हणाला, "आचे, चहा पाज, दुपारपर्यंत सगळं फोडून देतो." मी म्हणाले, "चहा घ्या, पण कुऱ्हाडी राहू द्या. तोबदन येतोय." धाकटा हसला. मी त्याला म्हणाले, "हसतोस काय? माझ्या भावाचा शब्द आहे." मग ते चहा पिऊन गेले. आता ते खालच्या गावात लग्नाला गेलेत, आणि वाट अशी आहे की परत केव्हा येतील सांगता येत नाही.

तुला हे सांगायला नको, तरी सांगते, कारण हॉटेलात हीटरपुढे बसणाऱ्या माणसाला गावची रीत विसरायला वेळ लागत नाही. संक्रांतीला देव वर स्वर्गात गेले की ते परत येईपर्यंत गावात आवाज नाही. जमीन उकरायची नाही, कुऱ्हाड उचलायची नाही. आणि घरातलं लाकूड किंवा विस्तव घराचा उंबरा ओलांडून दुसऱ्याकडे द्यायचा नाही. ज्याच्याकडे जे फोडलेलं आहे तेवढंच त्याचं. आपल्याकडे फोडलेलं किती आहे, ते मी काल बघितलं. संक्रांतीपर्यंत पुरेल. नंतरचे ओंडके अंगणात पडलेत, साल अंगावर घेऊन, तुझी वाट बघत.

युडोनचे दिवस जानेवारीअखेर भरतात. पोट खाली आलंय. पाळी मात्र चुकवत नाही. गुडघे टेकून, एक हात जमिनीवर ठेवून फुंकर घालते. तिची पहाट असली की मी जागीच असते आणि झोपल्याचं सोंग घेते, कारण मदतीला उठले तर ती चिडते.

आमाचा खोकला वाढलाय. काळजी करण्यासारखं नाही. ये म्हणजे झालं.

छिमे


तांगजे
३० जानेवारी

तोबदन,

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मुलीचं नाक तुझ्यावर गेलंय, बाकी देवाची कृपा.

हेलिकॉप्टर काल खाली उतरलं. देवांनी आवाजाला बंदी घातलीय, पण हेलिकॉप्टर सरकारी, त्याला कोण विचारणार? तू त्यात नव्हतास. मेमे रिगझिन होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि हातात तुझी चिठ्ठी. "सीट मिळाली नाही." मी मेमेंना विचारलं, "यादीत त्याचं नाव होतं?" मेमेंनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "पोरी, मला एका डोळ्यानं आता चांगलं दिसतं. यादी मी दोनदा वाचली." मग म्हणाले, "बस अड्ड्यावर पत्ते खेळत होता. तब्येत चांगली आहे."

तब्येत चांगली आहे हे मी आमाला सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही.

खोली उबदार आहे. लाकूड कुठून आलं, ते विचारू नकोस. हे पत्र याच हेलिकॉप्टरनं परत जाईल. त्याला सीट लागत नाही.

छिमे


तांगजे
१९ फेब्रुवारी

तोबदन,

आमा गेली. तार तुला मिळाली असेलच. तारेत जे मावलं नाही ते आता लिहिते. तू रडत असशील तर रडून घे आणि मग वाच, कारण मला हे एकदाच लिहायचं आहे.

संक्रांत झाली आणि फोडलेली लाकडं संपत आली. आधी शेणी जाळल्या. मग माग मोडला. तो आजीचा होता, चांगला जळला. मग तुझी खाट. खाट मोडायचा आवाज होऊ नये म्हणून तिच्यावर रजई टाकली आणि मी आणि युडोन तिच्या एकेका पायावर लोंबकळलो. युडोनला त्यातही हसू आलं. म्हणाली, "आचे, तो यावर कधी माझ्याशी इतका दमला नव्हता." मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि मग मलाही हसू आवरेना. आमानं दोघींना दम दिला.

अंगणात एवढं लाकूड पडलेलं आणि आम्ही खाट जाळत होतो. एक दिवस युडोन पोट सांभाळत खाली उतरली आणि बर्फातून कुऱ्हाड उपसायला लागली. आमा दारात उभी राहिली. "ठेव ती."

"आमा, देव वर गेलेत. ऐकायला आहे कोण?"

"गाव आहे. तुझ्या कुऱ्हाडीचा आवाज झाला आणि उद्या कुणाच्या घरावर हिमकडा घसरला, तर लोक या पोराचं नाव घेतील. अजून जन्माला नाही आलं ते."

युडोननं कुऱ्हाड ठेवली. मीही ती उचलली नाही. तू मनालीत बसून म्हणशील, काय वेड्या बायका! पण तूही लहानपणी त्या दिवसांत पायाच्या चवड्यांवर चालायचास, आणि तुझ्या हातून घागर पडली तेव्हा तीन दिवस छताकडे बघत होतास. हे आपल्या हाडात आहे. मी ते चूक म्हणत नाही आणि बरोबरही म्हणत नाही. मला त्या दिवसांत फक्त थंडी वाजत होती.

युडोनच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी तंदूरमध्ये खाटेची शेवटची पट्टी होती. भिंतीवर आतून दव गोठलं होतं. आमानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छिमे, छतावर जा. माझी लाकडं खाली आण."

तुला कळलं असेल कुठली. आबा गेल्यापासून तिनं साठवलेली. दर वर्षी झाडांची छाटणी झाली की सगळ्यांत सरळ फांद्या ती स्वतः निवडायची, फोडून घ्यायची, आणि छताच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली रचायची. मधे देवदारचे चार तुकडे, जे तिनं जोतापलीकडून पाठीवर आणले होते. "मेल्यावर मला कुणाच्या दारात लाकूड मागायला लावू नका," म्हणायची. आपण तिची चेष्टा करायचो की आमा, तुझा सरपणाचा ढीग गावात सगळ्यांत देखणा आहे. त्याला कधी कुणी हात लावला नाही. तू दारू पिऊन आलास तेव्हाही लावला नाहीस.

मी म्हणाले, "नाही."

"का नाही?"

"ती तुझी आहेत."

"माझीच आहेत, म्हणून मी सांगते आहे. लग्न न करता घरात राहिलीस, आईचं ऐकायची सवय असायला हवी होती."

"आमा, अपशकुन होतो. जिवंत माणसाची चिता…"

"चिता कसली? चांगलं वाळलेलं लाकूड आहे. मी मेल्यावर मला ऊब काय करायची आहे? या बाळाला आज हवी आहे." मी हलले नाही, तर ती स्वतः शिडीकडे निघाली, खोकत, एकेक पाऊल टाकत. दुसऱ्या पायरीवर तिला धाप लागली. मग मी तिला खाली घेतलं आणि वर गेले.

ताडपत्री काढली. इतकं नीट रचलेलं होतं की पहिला तुकडा कुठून काढावा ते कळेना. मी तिथेच बर्फात बसले आणि ओरडून रडावंसं वाटलं, पण आवाज करायचा नव्हता. रडले ते पट्टू तोंडात कोंबून.

मुलगी त्या उबेत जन्मली. आमानं नाळ कापली, आणि देवदारचा एक तुकडा तंदूरमध्ये टाकून म्हणाली, "बघ, वास किती छान येतो! माझ्यावर जळाला असता तर मला आला असता का?" युडोन थकली होती, तिला माहीत नव्हतं ते कुठलं लाकूड. दोन दिवसांनी कळलं, तेव्हा तिनं आमाचे पाय धरले. आमा म्हणाली, "पाय सोड, थंड आहेत. पोरीला दूध पाज."

मागच्या पत्रात हे मी लिहिलं नाही, कारण आमानं तुला कळवायला मनाई केली होती. म्हणाली, "त्याला लाज वाटेल, आणि लाजेनं तो यायचा आणखी लांबणीवर टाकेल." शेवटपर्यंत तुझीच बाजू.

तिनं आपली जागाही सोडली. तंदूरच्या उजव्या हाताला, जिथे आबा बसायचे आणि मग ती, तिथे युडोन आणि बाळाला निजवलं आणि आपली वळकटी दाराकडे नेली. "मला गरम होतं," म्हणायची. मी रोज भांडले. मेमे रिगझिन एकदा आले, त्यांना सगळं दिसलं, एका डोळ्यानंही दिसलं. त्यांचं घर समोर, त्यांच्या भिंतीला फोडलेलं लाकूड छतापर्यंत. म्हातारा चहाचा पेला हातात धरून बसला आणि त्याच्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. म्हणाला, "ऑपरेशनमुळे येतं." उठताना म्हणाला, "देता येत नाही गं, छिमे." मला माहीत होतं की देता येत नाही.

त्या दिवशी आमाची पहाट होती. मी उठले तेव्हा खोली उबदार होती. तंदूर पेटलेला, राख काढलेली, केटलीतला चहा उकळून उकळून काळा झालेला. आमा तंदूरजवळ बसली होती, डोकं गुडघ्यावर, हातात आणखी एक तुकडा, टाकायचा राहिलेला. मी म्हणाले, "आमा, चहा जळला." मग मी तिच्या खांद्याला हात लावला.

आता हे ऐक. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक घरातून माणूस आला. प्रत्येकाच्या पाठीवर लाकूड. रीतच आहे, प्रेताला प्रत्येक घराचं एक लाकूड. मेलेल्याला लाकूड द्यायला देवांची मनाई नाही, तोबदन. मनाई फक्त जिवंताला द्यायला आहे. अंगणात तुझ्या ओंडक्यांशेजारी ढीग उभा राहिला. वाळलेलं, फोडलेलं. मेमेंच्या घरातून एकाऐवजी पाच आली आणि कुणी मोजली नाहीत. मी त्या ढिगाकडे बघत उभी होते. एवढ्या लाकडात आमा वसंत बघती. मी ते मोठ्यानं म्हणाले. त्या दिवसांतल्या गावात मोठ्यानं म्हणाले. लामांनी पोथी वाचायची थांबवली. कुणीही मला गप्प केलं नाही.

अग्नी कुणी द्यायचा, हा प्रश्न आला. चुलत्यांपैकी कुणीतरी म्हणालं, मुलगा नाही तर आम्ही देतो. युडोन बाळाला पाठीशी बांधून दारात उभी होती. ती म्हणाली, "या घरात पेटवायचं काम बायकांचं आहे. त्याच्या बापानंही कधी पेटवलं नाही." मेमे म्हणाले, "खरं बोलते." मी अग्नी दिला.

छिमे


तांगजे
११ एप्रिल

तोबदन,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. युडोनला वाचून दाखवलं. तू लिहितोस की तू रोज रडतोस, की सीटचं खोटं बोललास कारण रिकाम्या हातानं तोंड दाखवायची हिंमत नव्हती, की वाट खुली झाली की पहिल्या गाडीनं येतोस. वाचताना मी दोनदा कागद खाली ठेवला, ते कबूल करते. तू माझा भाऊ आहेस, तुला मी पाठीवर घेऊन वाढवलंय. पण युडोननं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा तोच शब्द. येतो." आणि बाळाची दुपटी वाळत घालायला गेली.

इकडचं सांगते. देव परत आले त्या सकाळी घराघरांतून कुऱ्हाडींचे आवाज सुरू झाले. मेमेंची मुलं धावत आली. युडोननं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "कुऱ्हाडी राहू द्या." मग आम्ही दोघींनी तुझे ओंडके फोडले. मी पाचर धरते, ती घण मारते. खांदा दुखतो, पण पाचर धरायला खांदा लागत नाही, भरवसा लागतो. पहिले दोन दिवस ती माझ्या बोटांना भ्यायची, तिसऱ्या दिवसापासून मी तिच्या घणाला भीत नाही. वाळुंज बाहेरून राकट असतो, रेषा सापडली की सहज दुभागतो. हे आधी सुचलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारते, तू मला विचारू नकोस.

आता तुझी मागणी. तू लिहितोस, आमाची राख जपून ठेव, मी ती रिवालसरला नेऊन तळ्यात सोडीन, तेवढं तरी मला करू दे.

चितेची राख नदीनं त्याच दिवशी नेली, रीतीप्रमाणे. माझ्याकडे चिमूटभरही नाही.

पण तिच्या लाकडांची राख आहे. जी तिनं वीस वर्षं स्वतःसाठी रचली होती, ती. रोज सकाळी तिनंच ती तंदूरमधून काढली, तिनंच कोठीत भरली, तुझ्या खाटेच्या आणि आजीच्या मागाच्या राखेवर. गेल्या महिन्यात राख पसरायची वेळ झाली, तेव्हा मी आणि युडोननं टोपल्या भरल्या आणि खालच्या शेतातल्या बर्फावर फेकल्या. यंदा राख भरपूर होती, बर्फ लवकर वितळला. आजूबाजूची शेतं अजून पांढरी आहेत, आपलं काळं झालंय. तुला आमाचं काही हवं असेल तर तिथे बघ. जवाची पेरणी झाली आहे, तेव्हा बांधावरूनच बघ.

तू यावंस की नाही, हे मी युडोनला विचारलं. भावाच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार मी डिसेंबरात वापरून संपवला. संध्याकाळी पीठ मळताना ती म्हणाली, "आचे, त्याला लिहा, झोपायला खाट नाही. उजव्या हाताची जागा पोरीची आहे."

मी म्हणाले, "एवढंच लिहू?"

ती म्हणाली, "पाळीचंही लिहा."

तर लिहिते. आमानं वाटून दिलेल्या पाळ्या अजून तशाच चालू आहेत. एक पहाट युडोनची, एक माझी. तिसऱ्या पहाटे कुणी उठत नाही. दोघीही जाग्या असतो आणि तंदूर थंड असतो. बाळ कुरकुरतं, तिला आम्ही दोघींच्या मधे घेतो आणि उजाडायची वाट बघतो.

ती पहाट रिकामी आहे.

छिमे